शुक्रवारची शांतता

“ताई, आवाज कुठं गेला?”

मी सेलवर चालणाऱ्या टेपरेकॉर्डरकडे पाहिलं. कॅसेट फिरत होती. आतून गद्रेबाई ठरल्या संथपणानं एकेक आकडा टाकत होत्या. नऊ. तीन. सात. ‘तीन’नंतर ‘सात’ आला की पेन्सिलीनं समोरच्या पाटावर टकटक करायची, एवढंच काम. वीस मिनिटं. कस्तुरीची पेन्सिल हवेत तशीच राहिली होती आणि ती खिडकीबाहेर बघत होती.

“आवाज चालूच आहे. नीट ऐक.”

“ह्यो न्हाई वं ताई. त्यो.” तिनं पेन्सिलीनं खिडकी दाखवली.

खिडकीबाहेर शाळेचं पटांगण होतं, आणि त्याच्या पलीकडे यंत्रमागांच्या शेडची पत्र्याची रांग. शुक्रवार होता. शुक्रवारी आमच्या गावात वीज बंद, मागांना सुट्टी. पत्र्यावर एक कावळा चालत होता, तर त्याच्या नख्यांचा आवाजसुद्धा आत येत होता.

“बोलायचं नाही. आकडे ऐकायचे.”

तिनं दोन आकडे ऐकले असतील. मग बाकावरून घसरली, खाली पडलेलं खोडरबर उचललं, त्याचा वास घेतला, पुन्हा बसली. त्या अवधीत चार ‘सात’ निघून गेले. मी माझ्या कागदावर लिहिलं: ‘सहावं मिनिट. खिडकीकडे पाहिले. असंबद्ध प्रश्न विचारला.’ अक्षर मोठं वळणदार काढलं होतं, ते मला अजून आठवतं.

तीस वर्षं झाली त्याला. मी चोवीस वर्षांची होते, पुण्याहून मानसशास्त्रात एम.ए. होऊन नुकतीच डॉ. शकुंतला गद्रे यांच्या हाताखाली लागले होते. बाईंचा अभ्यास मुलांच्या लक्षावर होता. काही मुलांचं चित्त एका जागी ठरतच नाही. ती वाया गेलेली नसतात, आळशी नसतात, त्यांच्या मेंदूची घडणच तशी असते, हे तेव्हा आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक होतं. शिक्षकांकडे अशा मुलांसाठी एकच औषध असायचं आणि ते फळ्यामागं उभं करून ठेवलेलं असायचं. बाईंना शोधायचं होतं, की अशी मुलं किती आहेत आणि त्यांना ओळखायचं कसं. त्यांना एक मागांचं गाव हवं होतं. मी म्हटलं, माझं गाव आहे की.

पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं होतं, “शैला, इथे शांत जागा कुठली? आणि शांत दिवस?”

मी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, “नगरपालिकेच्या शाळेतली मागची खोली. आणि शुक्रवार.”

“वा!” बाई म्हणाल्या. “गावचं माणूस बरोबर असलं की असा फायदा होतो.”

त्या ‘वा’वर मी दोन महिने जगले.

कस्तुरी बाहेर आली तेव्हा दारात तिची आई उभी होती. मालनमावशी. आमच्याच गल्लीतली, कांडी मशीनवर कामाला. मागाचा धोटा आडवा पळतो ना, त्याच्या पोटात सुताची कांडी बसते. त्या कांड्या भरायचं तिचं काम. केसांवर, भुवयांवर कापसाची पांढरी लव कायम.

“झाली का पास?” तिनं मला विचारलं.

“मावशी, ही पास-नापासाची परीक्षा नाही.”

“मंग कशाची?”

“लक्ष किती वेळ राहतं ते बघतोय.”

मालनमावशी हसली. “मला इचारलं असतंस तर फुकट सांगितलं असतं की. मीठ आणाय धाडली तर दुकानापतुर जाती, दुकानदाराशी बोलती, आन् मोकळीच येती. यंदा तीन चपला हरवल्यात. तीनी डाव्या.”

कस्तुरी आईच्या पदराच्या टोकाला गाठ मारत होती. एक, दोन, तीन गाठी. मग तेही सोडून ती पटांगणात धावली.

*

दोनशे मुलं झाली. विश्रामगृहाच्या टेबलावर बाई आणि मी निकाल मांडून बसलो. बाईंनी दोनदा मोजणी केली, मग चष्मा काढून डोळे पुसले.

“एकाहत्तर, शैला. दोनशेत एकाहत्तर! बाकी ठिकाणी मला शंभरात पाच-सहा मिळाली. इथे पस्तीसच्या वर!”

“म्हणजे काय, बाई?”

“म्हणजे हा गोंगाट. जन्मल्यापासून हा खडखडाट कानावर. त्यानं या मुलांची एकाग्रता खाऊन टाकली आहे. हे कुणीतरी मांडायलाच हवं.” त्या उठून येरझारा घालू लागल्या. “जानेवारीत दिल्लीला परिषद आहे. मी आजच कळवते.”

मी मान हलवली. मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर आधी बरंच वाटलं. त्या गोंगाटातून मी बाहेर पडले होते. पुण्यात मी कुणालाही सांगत नसे, की माझे वडील माग चालवतात. ‘टेक्स्टाइलमध्ये आहेत’ म्हणायचे.

यादी टेबलावरच राहिली. दुसऱ्या दिवशी शाळेचे हेडमास्तर बाईंना भेटायला आले, आणि बाई चहा सांगायला आत गेल्या तेवढ्यात त्यांनी ती वाचून काढली. यादी म्हणजे अजून कच्चा हिशोब, तो कुणाला सांगायचा नाही, हे त्यांना मी सांगितलं. ते म्हणाले, “छे छे, मी कशाला सांगतोय.” संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

मालनमावशीनं मला पाणवठ्यावर गाठलं.

“हेडमास्तर म्हणालं, पोरीचं डोकं चालत न्हाई. पुण्याच्या डॉक्टरीणबाईनं लिवून दिलंय म्हणं.”

“तसं काही लिहिलेलं नाही, मावशी.”

“यादीत नाव हाय का न्हाई?”

मी माझी घागर भरायला वाकले.

“बरं झालं, कळलं.” तिनं घागर कमरेवर घेतली. “उगं वह्या-पुस्तकाला पैसं घालायचं. दिवाळी झाली की बसवते माझ्या शेजारी, कांडी मशीनवर. हात तर चालत्यात न्हवं?”

“मावशी, दहा वर्षांची आहे ती!”

“मी आठची हुते,” ती म्हणाली. त्यात राग नव्हता. म्हणून तर ते जास्त लागलं.

दिवाळीला सहा आठवडे होते.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अण्णांचा डबा घेऊन शेडवर गेले. पाच वर्षांत गेले नव्हते. दारातून आत पाऊल टाकलं आणि तो आवाज अंगावर आला. चोवीस माग एका छपराखाली. खटाक्-खट, खटाक्-खट. आवाज कानांत मावत नाही तिथे, तो दातांत जातो, बरगड्यांत जातो. मागवाले तिथे तोंडानं बोलत नाहीत, म्हणजे बोलतात, पण आवाज न काढता. नुसते ओठ हलवायचे आणि बोटं. समोरचा चार माग पलीकडून ते वाचतो. इस्माईलचाचांनी मला पाहून ओठ हलवले: ‘बापाला लई दिवसानं आठवण झाली गं पोरीची.’ मला ते वाचता आलं, याचं मलाच नवल वाटलं.

अण्णांचे चार माग. दोन पुढं, दोन पाठीमागं. अण्णांनी चाचांना खूण केली, माझे बी बघ, आणि आम्ही दाराबाहेरच्या कट्ट्यावर बसलो.

“भाकरी कडक झालीया,” अण्णा म्हणाले.

“केली ते नशीब समजा.”

“ते बी खरंच.” त्यांनी पहिला घास मोडला, तोंडाशी नेला आणि तसाच हात थांबला. “तिसऱ्याची तार गेली,” म्हणत घास डब्यात टाकून ते आत गेले.

मी दारातून बघितलं. तिसरा माग थांबवून अण्णा वाकले होते. पाच हजार उभ्या तारांतली एक तुटलेली तार चिमटीत पकडून त्यांनी गाठ मारली, माग सुरू केला, आणि येऊन पुन्हा तोच घास उचलला.

“कसं कळलं? तुमची तर पाठ होती.”

“लंगडला की त्यो. चार घोडी एका चालीनं पळायलीत, त्यातलं एक लंगडलं तर कळत न्हाई व्हय?” त्यांनी कांदा फोडला. “तुझं काय झालं? तोंड का पाडलंयस?”

मी सगळं सांगितलं. एकाहत्तर पोरं, कस्तुरी, दिवाळी, कांडी मशीन. बाई म्हणतात गोंगाटानं लक्ष खाल्लं, हेही सांगितलं.

अण्णा ऐकत होते, चावत होते. मग विचारलं, “परीक्षा कुठं घेतली?”

“शाळेत. मागच्या खोलीत.”

“कवा?”

“शुक्रवारी. शुक्रवारी शांत असतं म्हणून.”

अण्णा चावायचे थांबले. माझ्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले. इतके हसले की ठसका लागला आणि मला त्यांच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या.

“अगं, शुक्रवारी ह्या गावात कुत्रं तरी एका जागी बसतं का?” पाणी पिऊन ते म्हणाले. “शुक्रवारी मी सोता भितीला डोकं लावून बसतो, काय चुकलंय काय चुकलंय करत. दुपारची झोप न्हाई. इस्माईल तर बायकोशी भांडतोच दर शुक्रवारी. आन् तुमी तसल्या दिवशी लेकरास्नी कोंडून बसवलं व्हय?”

मी त्यांच्या हातून तांब्या घेतला.

“तू पयल्या वर्षी दिवाळीला आलीस होस्टेलावनं. काय सांगितलं हुतंस मला, आठव.”

“काय?”

“थंडीत रातभर पंखा लावून झोपतीस म्हणून बाकीच्या पोरी भांडत्यात. त्यास्नी डासांचं निमित्त सांगितलंयस.” अण्णांनी डब्याचं झाकण लावलं. “म्या काय बोललो न्हाई तवा. पर मला कळलं हुतं. तुला डास न्हवतं चावत.”

कट्ट्याखालून शेड माझ्या पायांत खटाक्-खट करत होती. *ताई, आवाज कुठं गेला?* त्या पोरीनं मला तोंडावर सांगितलं होतं. आणि तिच्याआधी नि तिच्यानंतर कितीतरी मुलं खिडकीकडे बघत होती. मी प्रत्येकाच्या कागदावर वळणदार अक्षरात तेच लिहिलं होतं.

*

विश्रामगृहापर्यंत मी चालत गेले. सायकल शेडवरच राहिली हे पोचल्यावर कळलं. बाई दिल्लीचा निबंध लिहीत होत्या. चार पानं झाली होती.

“ये. हे ऐक, सुरुवात कशी वाटते बघ.”

“बाई, ते वाचू नका.”

त्यांनी वर पाहिलं.

मी उभ्यानंच सांगितलं. गावाचा शुक्रवार सांगितला. पंख्याचं सांगितलं. बोलताना माझी बोटं ओढणीला गाठी मारत होती, एक, दोन, तीन, आणि मला कस्तुरीची आठवण झाली.

बाईंनी हातातलं पान खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “म्हणजे आवाजाशिवाय झोप येत नाही, हे तुला तेव्हाही ठाऊक होतं.”

“हो.”

“मग मी विचारलं तेव्हा शुक्रवार का सांगितलास?”

“तुम्ही शांत जागा मागितलीत. मला वाटलं, आपल्या गावातही पुण्यासारखी एखादी खोली आहे असं तुम्हाला दाखवता आलं पाहिजे.”

“दोन महिने गेले, शैला.”

“हो, बाई.”

“दिल्लीला मी नाव कळवलं आहे.”

“हो.”

“तू हे सांगितलं नसतंस तर कुणाला कळलंही नसतं. मलासुद्धा.” त्यांनी पेनाला टोपण लावलं. त्या टोपणाचा आवाज मला अजून ऐकू येतो. “किती वर्षं शिकवते आहे मी हे! नव्या गावात गेलं की आधी त्या गावात काय नेहमीचं आहे ते विचारा, असं दर वर्षी पहिल्या तासाला सांगते. आणि स्वतः विचारलं काय, तर शांत दिवस कुठला!”

चार पानं त्यांनी उभी फाडली, आडवी फाडली. मग मला बस म्हणाल्या, आणि मी बसल्यावर विचारलं, “ही चूक पकडली कुणी?”

“अण्णांनी. माझ्या वडिलांनी.”

“काय करतात ते?”

माझ्या तोंडात ‘टेक्स्टाइल’ आलं होतं. ते मी गिळलं.

“माग चालवतात. चार माग एकदम. पाठ फिरवून बसले तरी तुटलेली तार ऐकू येते त्यांना.”

“आणि आपण त्यांच्या गल्लीतल्या मुलांना एकाग्रता नाही म्हणून लिहिलं,” बाई म्हणाल्या. मग बऱ्याच वेळानं पहिल्यांदा हसल्या. “उद्यापासून एकाहत्तर घरं. प्रत्येक घरी जाऊन सांगायचं, आमची परीक्षा चुकली. बोलायचं तू. मी शेजारी उभी राहीन.”

“मी?”

“का? तुझे अण्णा येणार आहेत का रजा टाकून?”

तीन दिवस आम्ही उंबरे झिजवले. कुणी चहा दिला, कुणी हसलं. एका घरी म्हातारबा म्हणाले, “मंग आमचं पोरगं शाणं हाय म्हणता?” बाई म्हणाल्या, “ते अजून ठाऊक नाही. पण वेडं आहे असं आम्ही म्हणू शकत नाही.” मालनमावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावरची लव पुसत आत गेली.

मग बाईंनी नव्यानं मांडणी केली. आकड्यांची नवी कॅसेट. जी मुलं आधी बसलीच नव्हती अशी पन्नास मुलंही घेतली, म्हणजे सरावानं जमलं असं कुणाला म्हणता येऊ नये. वार मंगळवार आणि बुधवार. खोली तीच, खिडकी सताड उघडी, आणि पलीकडून शेडची अखंड खटाक्-खट. एवढ्यावरही बाई थांबल्या नाहीत. ज्यांना तरीही जड गेलं त्यांच्या घरी गेलो, आईशी बोललो, शिक्षकांशी बोललो, मूल जेवताना, खेळताना, भांडताना पाहिलं. “एका कॅसेटवरून मुलाचं नाव यादीत घालायचं नाही,” बाई म्हणायच्या. ते त्या मला सांगत होत्या की स्वतःला, कोण जाणे.

मंगळवारी पोरं पाटावर टकटक करत होती आणि मी कागदामागं तोंड लपवून हसत होते. काय बसली होती पोरं! मागाच्या तालावर पाय हलतायत, आणि सातला पेन्सिल बरोबर खाली. नव्या मुलांतही बहुतेकांना जमलं, आणि एकाहत्तरातली साठ मुलं यादीतून उतरली.

अकरा राहिली. त्या अकरांत कस्तुरी होती.

*

“पुन्हा एकदा बघूया का बाई, तिचं?” मी म्हटलं. “त्या दिवशी तिला सर्दी होती.”

“दोनदा बघितलं. घरी बघितलं. वर्गात बघितलं.” बाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “शैला, तू हे सगळं ती पास व्हावी म्हणून केलंस का?”

मला खोटं बोलता आलं नाही. “थोडंसं.”

“तुझी माया आहे तिच्यावर. ती राहू दे. पण मायेनं यादी करायची नाही.” मग त्यांचा आवाज उतरला. “आणि तिच्याकडे जरा नीट बघ. एकाहत्तरांच्या गर्दीत ही पोरगी आपल्याला दिसली नसती. आता दिसते आहे. आता तिच्यासाठी काही करता येईल.”

दिवाळीला चार दिवस होते. मालनमावशीकडे मी एकटी गेले. ती दारात बसून कंदिलाच्या काचा पुसत होती. कस्तुरी अंगणात रांगोळी काढत होती. मोर सुरू करून अर्ध्यात सोडला होता, आणि आता त्याच्या शेजारी एक मासा होत होता.

मी सांगितलं, की नाव यादीत आहे. आता खरोखरीचं आहे.

“म्हंजे शेवटी त्येच,” मावशी म्हणाली.

“तेच नाही, मावशी. डोकं चालत नाही असं नाही. डोकं चालतं, चांगलं चालतं, पण एका जागी ठरत नाही. हा तिचा दोष नाही, तुझाही नाही. मारून बदलत नाही. तिला काम तुकड्या-तुकड्यानं द्यायचं. पहिल्या बाकावर बसवायचं. मधेच उठून फळा पुसायला, पाणी आणायला लावायचं. वर्गातल्या बाईंना आम्ही शिकवतोय. गद्रेबाई दर महिन्याला येणार आहेत. वेळ लागेल. पण ती शाळेत राहिली तरच.”

“पयल्यांदा म्हणला एकाहत्तर. आता म्हणता अकरा.” तिनं काच उजेडात धरली. “दुसऱ्या खेपेचं मी का खरं मानू?”

“पहिल्या खेपेला आम्ही चुकलो होतो, ते तुला आम्हीच सांगायला आलो होतो ना,” मी म्हटलं.

मावशी बराच वेळ काच पुसत राहिली. ती स्वच्छ झाली होती तरी.

“व्हय,” ती म्हणाली. “तवाच म्या घरधन्यास्नी म्हणाले, हेडमास्तर न्हाई, पुढारी न्हाई, कोण आजवर दारात येऊन म्हणालं न्हाई, मावशी, आमचं चुकलं. तू म्हणालीस. बोलताना ओढणीला गाठी मारत हुतीस, म्या बघितलं.” तिनं काच कंदिलात बसवली. “जाऊ दे शाळंला. कांडी मशीन कुठं पळून जातीया?”

अंगणात कस्तुरी मासा सोडून धावत गेली, कुणाच्या तरी पतंगामागं.

“अगदी तुझ्यावाणी,” मावशी म्हणाली.

“माझ्यासारखी?”

“मंग! तुझी आई रहाटावर कांड्या भरायची, म्या बी तिच्या शेजारी बसून भरायची. तू एक घडी बसायची न्हाईस. तुझ्यावर ओवी बांधलीती तिनं.”

ती ओवी मला ठाऊक होती. आई जाऊन तोवर आठ वर्षं झाली होती, पण ती ओवी पाठ होती, कारण तिचा मला राग यायचा. मी म्हणून दाखवली:

*धोटा बाई धावतो, दोन्ही तीराला त्याचं घर,*
*एकाबी घराला गं, टेकंना घडीभर.*

“माझी चेष्टा करायची,” मी म्हटलं.

“आन् फुडं?”

“पुढं काय? एवढीच आहे.”

मालनमावशी माझ्याकडे बघतच राहिली. “फुडं ऐकलीच न्हाईस व्हय? ऐकणार कशी! पयल्या दोन वळी झाल्या की तू उठून पळायचीस. मागनं ती म्हणायची, ती मी ऐकायची.” आणि हातातलं फडकं मांडीवर ठेवून, घसा न खाकरता, तिनं सरळ म्हटली:

*टेकंना म्हणूनी, नको बोलूस त्याला उणं,*
*त्याच्या गं धावण्यानं, उभ्या धाग्याला येतं जिणं.*

अंगणातला अर्धा मोर माझ्या डोळ्यांत हलला.

कस्तुरी दहावी झाली, दुसऱ्या खेपेला. आज ती एस.टी.त वाहक आहे. चपला हरवणं अजून सुटलेलं नाही. पण भरल्या गाडीत कोण कुठं चढलं, कुणाला कुठं उतरायचंय, हे तिला कागदाशिवाय ठाऊक असतं. अकरांपैकी चार मुलं शाळेत टिकली नाहीत. त्यांची नावंही मला पाठ आहेत.

पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं. मावशीकडून उठून मी थेट शेडवर गेले. डोळे पुसलेले होते, तरी अण्णांना कळलं. दोन मागांच्या मधल्या बोळात उभी राहून मी ओठ हलवले, आवाज न काढता, लहानपणी हलवायचे तसे: ‘कस्तुरी शाळेत राहतीय.’

अण्णांनी मान हलवली. एका मागावरून हात फिरवला, दुसऱ्याकडे वळले. मला वाटलं, झालं. मी दाराकडे निघाले आणि वळून पाहिलं.

अण्णांची माझ्याकडे अर्धी पाठ होती. चार माग पलीकडे इस्माईलचाचा उभे होते, आणि अण्णा त्यांना काहीतरी सांगत होते. चोवीस मागांच्या त्या खडखडाटात छपराखाली कुणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण मी त्याच शेडची पोर. मला ओठ दिसले.

‘चुकली हुती. सोता जाऊन सांगितलं, एकाहत्तर दारात.’ अण्णांनी छातीवर बोट ठेवलं. ‘माझी हाय.’

त्या वर्षीच्या अहवालात पहिल्या पानावर बाईंनी आभार मानले आहेत. त्यात एक नाव अण्णांचं आहे, दत्तात्रय ढवळे, आणि नावापुढं व्यवसाय. तो मी स्वतःच्या हातानं लिहिला. मागवाले.